चेटकीण हवी की नको, याच्या आधीचा प्रश्न

एप्रिलच्या परीक्षा आटोपल्या की वर्तमानपत्रांच्या नाट्य-जाहिरातींत बालनाट्यांची वेगळी रांग लागते, आणि गेली काही वर्षं तिच्या मागोमाग एक वादही हजेरी लावतो. 2018 साली रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात नव्या संचात आलं, वैभव मांगले यांची चेटकीण पाहायला आई-बाबा, आजी-आजोबांसकट घरंच्या घरं लोटली, तेव्हापासून हा वाद जरा जास्तच तापलेला आहे. एक बाजू म्हणते, हीच खरी बालनाट्यं. पोरांच्या हातातला मोबाईल दोन तास खाली ठेवायला लावणारी ही गंमत आम्ही लहानपणी अनुभवली, आता त्यांना अनुभवू द्या. दुसरी बाजू म्हणते, चेटकिणी, राक्षस, राजकन्या यांचं दुकान आता बंद करा. आजच्या मुलांना त्यांच्या जगण्याबद्दलचं नाटक हवं. दोन्हीकडचे लोक कळवळ्याने बोलतात, यात मला शंका नाही. पण ज्या 'जुन्या बालनाट्या'वरून ते भांडतात, ते तसं एकरंगी कधी नव्हतंच. आपल्या बालनाट्य संस्थांनी काय केलं, कुठे केलं, कुणाला घेऊन केलं, याची जुळलेली नोंद आपल्यापुढे नाही. म्हणून एकाच्या आठवणीची दुसऱ्याच्या चिडीशी कुस्ती चालते. माझं म्हणणं सरळ आहे: आधी प्रयोगांचा इतिहास गोळा करा, तो मुलांच्या पालकांना, शिक्षकांना आणि नव्या दिग्दर्शकांना सहज पाहता येईल असा मांडा, आणि मग जुनं उचलायचं की टाकायचं ते ठरवा. नुसती संहिता परत आणल्याने नाटक परत येत नाही.

इतिहास कुठून सुरू करायचा, इथूनच गोंधळ आहे. 'बाल' हा शब्द मराठी रंगभूमीवर जुना आहे, पण त्याचा अर्थ बदलत आला. बालमोहन नाटक मंडळीच्या नावात तो होता. छोटा गंधर्व तिथे पोरवयातच नावारूपाला आले. पण त्या मंडळीने 1933 साली रंगमंचावर आणलेलं नाटक कोणतं? आचार्य अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार'. नट कोवळे असले तरी समोर बसलेला प्रेक्षक मोठा माणूस होता, आणि विनोदही त्याच्यासाठीच होता. मूल रंगमंचावर असणं आणि रंगमंच मुलासाठी असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्याला कळायला मध्ये पंचवीस वर्षं जावी लागली. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि 1959 साली त्यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हा त्यांनी हा भेद कृतीत आणला. पहिलं नाटक 'मधुमंजिरी'. लेखक रत्नाकर मतकरी, वय जेमतेम वीस. मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातला दहा मिनिटांचा प्रवेश, ही समजूत तिथे मोडली. मुलांच्या नाटकालाही पूर्ण नेपथ्य, पूर्ण प्रकाशयोजना, पूर्ण तालीम आणि तिकीट लावून नाट्यगृह हवं, हा आग्रह तिथे धरला गेला. जादू किंवा परीपेक्षाही हा आग्रह मला त्या नाटकातली सर्वांत मोठी गोष्ट वाटतो. आणि आजच्या वादात नेमका त्याचाच उल्लेख कुणी करत नाही.

तीन वर्षांनी, 1962 साली, मतकरींनी स्वतःची संस्था काढली. नाव साधं, 'बालनाट्य'. ते बँकेत नोकरी करत होते आणि ती सोडली 1978 मध्ये. म्हणजे या संस्थेची पहिली सोळा वर्षं कचेरीची वेळ सांभाळून, घरातला पैसा आणि घरातली माणसं लावून गेली. प्रतिभा मतकरी त्यात सुरुवातीपासून होत्या. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अचाटगावची अफाट मावशी', 'राजकन्येची सावली हरवली', 'अलबत्या गलबत्या' ही नावं आपण आज गोड आठवणी म्हणून घेतो. त्यांच्यामागे रात्रीच्या तालमी, टेम्पोत चढवलेले सेट आणि रविवारी सकाळी दुसऱ्या कुणालाच नको असलेली नाट्यगृहाची तारीख आहे. मतकरींनी मुलांसाठी वीसच्या वर नाटकं लिहिली. त्यातली किती नावं आपण न अडखळता सांगू शकतो? चार? पाच? ज्यांचं पुनरुज्जीवन झालं ती आपल्याला ठाऊक, बाकीची नाहीत. मग 'जुनी बालनाट्यं अशीच असायची' हे विधान आपण वीसपैकी चारांवरून करतो आहोत, आणि तेही एकाच लेखकाच्या.

कारण त्याच काळात इतर काय चाललं होतं ते पाहा. विजय तेंडुलकरांनी मुलांसाठी 'इथे बाळे मिळतात', 'चिमणा बांधतो बंगला', 'चांभारचौकशीचे नाटक' अशी नाटकं लिहिली. पुण्यात आकाशवाणीच्या 'बालोद्यान'मधून आलेल्या सई परांजपे 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप' करत होत्या. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 'आविष्कार'ची प्रायोगिक चळवळ त्या शाळेच्या सभागृहात रुजली हे सगळे सांगतात, पण त्याच संस्थेच्या 'चंद्रशाला' या मुलांच्या विभागाने 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य पिढ्यांमागून पिढ्या नव्या मुलांना घेऊन चालवलं, हे सांगताना आवाज खाली येतो. जणू मोठ्यांचं ते 'प्रायोगिक' आणि मुलांचं ते 'उपक्रम'! कांचन सोनटक्के यांच्या 'नाट्यशाला'ने अपंगत्व असलेल्या मुलांना रंगमंचावर आणलं, आणि तेही दयेचा विषय म्हणून नाही, नट म्हणून. आणि 1986 साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या थिएटर अकॅडमीने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मराठीत आणली. श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत आणलेलं 'छान छोटे वाईट्ट मोठे' त्यातलं पहिलं. ग्रिप्सचा नियमच असा की परी नाही, राक्षस नाही. घर, शाळा, जिना, शेजारी, आई-बाबांची भांडणं. मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात, आणि तरी प्रेक्षागृहातलं मूल त्यांना मूल म्हणून स्वीकारतं.

आता सांगा, 'आजच्या जगण्यावरचं बालनाट्य' ही नवी मागणी कुठे राहिली? ती मराठीत पुरी होऊ लागल्याला चाळीस वर्षं होत आली. वास्तववादी बालनाट्य हेही आता 'जुनं बालनाट्य' आहे. जे म्हणतात की राजा-राणीला हद्दपार करून नवं काही सुरू करूया, ते मागच्या दोन पिढ्यांनी घातलेला पाया न पाहता पुन्हा पायाच खणायला निघाले आहेत. आणि जे म्हणतात की आमच्या लहानपणी फक्त निखळ गंमत होती, ते त्याच लहानपणाच्या अर्ध्या भागावर पडदा टाकतात. दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होते.

तरी चेटकिणीला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा आहे की त्याला हसून उडवून लावणं मला अप्रामाणिक वाटतं. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण करण्याची, गावाबाहेर काढण्याची प्रथा ही दंतकथा नाही. कार्यकर्ते तिथे आजही त्याविरुद्ध लढताहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 साली, या राज्याला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. अशा राज्यात मुलांना म्हातारी, विद्रूप, एकटी राहणारी बाई म्हणजे दुष्ट शक्ती असं चित्र दाखवायचं, त्यावर टाळ्या घ्यायच्या, आणि 'अहो, गंमत आहे ती' म्हणायचं? त्यात राजकन्या बहुतेक वेळा सुटकेची वाट पाहत बसलेली, काळं ते वाईट आणि गोरं ते चांगलं, जाड माणूस म्हणजे हसण्याची सोय. हे सगळं जुन्या बालनाट्यांत होतं, आणि ते होतं असं म्हणण्याने मतकरींचं किंवा करमरकरांचं मोठेपण कमी होत नाही.

पण मग याचं उत्तर नाटक बंद करणं आहे का? चेटकीण संहितेत शब्दांची असते. ती म्हातारी की तरुण, भयंकर की हास्यास्पद, एकटी की सत्तेच्या माजाने फुगलेली, हे सारं रंगभूषा, आवाज, चाल आणि दिग्दर्शन ठरवतं. इथे प्रयोगांचा इतिहास थेट कामाला येतो. 'मधुमंजिरी'त चेटकीण झाल्या खुद्द सुधा करमरकर; ज्या बाईने संस्था उभी केली, दिग्दर्शन केलं, तिने स्वतः ती भूमिका घेतली. पुढे 'अलबत्या गलबत्या'त दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले आणि त्या भूमिकेची वाटच बदलली. नव्या संचातही ती पुरुष नटाकडेच गेली. पुरुषाने केलेली चेटकीण पाहताना मुलाला पहिल्या क्षणापासून माहीत असतं की हे सोंग आहे, हा लुगडं नेसलेला काका आहे. भीतीला तिथे गुदगुल्यांचा काठ येतो. गावातल्या खऱ्या म्हातारीकडे बोट दाखवायला तिथे जागा उरत नाही. उलट एखादा म्हणू शकेल की बाईच्या विद्रूपाची पुरुषाने केलेली नक्कल ही आणखी वाईट. हाही वाद करण्यासारखाच आहे! पण तो करायला 1959 ची चेटकीण आणि 2018 ची चेटकीण शेजारी शेजारी ठेवता आली पाहिजे: छायाचित्रं, पोशाख, रंगभूषा, आवाजाची टेप. तसं काही समोर नसताना आपण फक्त 'चेटकीण' या शब्दाशी झुंजतो.

आणि मतकरींपुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट त्यांच्या विरोधकांनी लक्षात घ्यावी. राक्षस आणि चेटकिणी लिहिणारा हाच माणूस आयुष्याच्या उतरणीवर ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन 'वंचितांचा रंगमंच' उभा करायला गेला. तिथे मुलांनी स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं, पोटातलं मांडलं. या दोन कामांत त्यांना विरोध दिसला नाही. तो आपल्याला दिसतो, कारण आपल्याला त्यांच्या कामाचा सलग पट कुणी दाखवलेलाच नाही. आठवणीत सुटे तुकडे आहेत आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचा तुकडा उचलला आहे.

इथे नाटकवाल्यांचाच एक आक्षेप येतो आणि तो मला मनापासून आवडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. ते म्हणतात, नाटक म्हणजे पाण्यावरची रेघ. पडदा पडला की संपलं. ते पाहणाऱ्याच्या मनात राहतं, हीच त्याची शान; त्याला फायलीत कोंडलंत तर उरेल काय? खरं आहे, प्रयोग जतन करता येत नाही. पण प्रयोगाची नोंद करता येते, आणि नोंद नसली की काय होतं हे मराठी रंगभूमीने सुरुवातीलाच अनुभवलं आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. आपण दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. भाव्यांच्या नाटकांतली पदं छापली गेली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. पात्रांची मधली बोलणी आयत्या वेळची, ती कुणी लिहून ठेवली नाहीत, ती गेली. म्हणजे आपल्या पहिल्या नाटककाराच्या बाबतीतही जे कागदावर आलं तेवढंच उरलं. जो धडा सांगलीने दिला तो गिरगाव-दादरने पुन्हा का गिरवायचा?

शिवाय बालनाट्यात तर संहितेबाहेरचं फार असतं. 'राजकन्येची सावली हरवली' हे नावच घ्या. पुस्तकात ते एका ओळीत लिहून होतं. रंगमंचावर दिवे लागले की प्रत्येक नटाची सावली पडणारच. मग एका मुलीची सावली हरवली आहे हे तिसऱ्या रांगेतल्या सहा वर्षांच्या प्रेक्षकाला पटवायचं कसं? दिवा कुठून टाकायचा, कापड कुठे ताणायचं, कुणी कुठे उभं राहायचं? हे ज्ञान दिग्दर्शकाच्या वहीत असतं, प्रकाशयोजनाकाराच्या हातात असतं, विंगेत दोर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. राक्षस उंच कसा दिसला, वस्तू एका क्षणात नाहीशी कशी झाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या घंटेपासून आरडाओरडा करणारी पाचशे मुलं कोणत्या युक्तीने गप्प झाली, ही बालरंगभूमीची खरी विद्या आहे. ती हातातून हातात जाते आणि हात थकले की संपते. आजचा तरुण दिग्दर्शक हे सगळं शून्यापासून शोधतो किंवा सरळ एलईडी पडद्यावर चित्र चालवतो. पडदा वाईट असं मी म्हणत नाही. पण त्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलाच गेला नाही, हे वाईट आहे.

आता पैशाचं. 'नवं नाटक करायला पैसे नाहीत, जुन्याची कागदपत्रं कुठे सांभाळता?' हा प्रश्न विचारणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. बालनाट्याचं तिकीट महाग ठेवता येत नाही, सुट्टी संपली की बुकिंग बसतं, नटसंच मोठा, आणि संस्थेचं कार्यालय म्हणजे बहुधा कुणाच्या तरी घराचा माळा. मी स्वतः एका संस्थेकडे जुन्या जाहिरातींची कात्रणं पाहायला गेलो होतो. 'पेटी होती, एका पावसाळ्यात भिजली, मग टाकून दिली,' असं फार साधेपणाने सांगितलं गेलं. मला त्या माणसाचा राग आला नाही, पोटात खड्डा पडला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, आणि हळहळायलाच हवं होतं. शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू होती ती. ज्वाळा सगळ्यांना दिसल्या. भिजलेल्या पेटीचा धूर निघत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी पुनर्बांधणीची घोषणा करत नाही.

आणि हे काम कोट्यवधींचं आहे, असंही नाही. लंडनमध्ये गॅब्रिएल एन्थोवेन नावाच्या बाईंनी आयुष्यभर नाटकांच्या जाहिरात-पत्रिका जमवल्या, त्यांना जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 1924 साली तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचा संग्रह स्वीकारला. त्यानंतरही त्या तिथे बसून त्याची सूची करत राहिल्या. त्या संग्रहालयाचा आजचा नाट्यविभाग त्यातून वाढला. आपल्याकडे दिल्लीत नेमिचंद्र जैन यांनी नटरंग प्रतिष्ठान काढून हिंदी आणि इतर भारतीय रंगभूमीची कागदपत्रं गोळा केली. दोन्हीकडे सुरुवात एका माणसाच्या हट्टाने झाली. महाराष्ट्रात तर अर्धी सोय आधीच आहे: इथे प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे दाखल करावी लागते. राज्य नाट्य स्पर्धेत बालनाट्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे दर वर्षी गावोगावच्या संस्था आपली नाटकं घेऊन येतात. या दोन ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या, त्यांत वर्ष, गाव, लेखक, दिग्दर्शक, संच इतकं भरलं, तरी पहिला आराखडा तयार होतो. मुंबई-पुण्याबाहेर काय घडलं, हेही त्यातूनच पुढे येईल. ठाण्यात नरेंद्र बल्लाळांच्या 'नवल रंगभूमी'सारखं काम अंगावरच्या कपड्यानिशी विस्मरणात जाऊ पाहत आहे, तर नागपूर, सोलापूर, अकोल्याबद्दल आपण काय बोलावं?

प्रत्येक बालनाट्य संस्थेने आपल्या मागच्या निर्मितींची एक यादी करावी, एवढीच माझी पहिली मागणी आहे. यादी मोठ्या नावांपुरती नको. त्यात पडलेली नाटकंही हवीत, कारण एखादं नाटक मुलांनी का नाकारलं हे यशापेक्षा जास्त शिकवतं. सेट कुणी रंगवला, कपडेपट कुणी सांभाळला, गाण्यांना चाल कुणी दिली, ही नावं हवीत. बालनट म्हणून आलेल्या मुलांची नावं त्यांना विचारून घालावीत; ती मुलं आता आजी-आजोबा आहेत, आणि त्यांच्या कपाटात एखादा कृष्णधवल फोटो नक्की असतो. नाटक शाळेच्या अंगणात झालं की नाट्यगृहात, समोर मराठी शाळेची मुलं होती की इंग्रजी शाळेची, हेही लिहावं. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत गेले तसतसं बालनाट्याची भाषा कशी बदलली, किती सोपी केली गेली, कुठे उगाच सोपी केली गेली, हे या नोंदींशिवाय कधीच कळणार नाही. मला तर वाटतं, चेटकिणीच्या वादापेक्षा हा प्रश्न शंभर पटींनी महत्त्वाचा आहे.

घाईचं कारणही सांगतो. सुलभा देशपांडे 2016 मध्ये गेल्या. सुधा करमरकर 2018 मध्ये गेल्या. मतकरी 2020 च्या मे महिन्यात, करोनाने. 1959 साली 'मधुमंजिरी' पाहताना दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. माझ्या लहानपणी पाहिलेल्या एका नाटकातल्या चेटकिणीचं नाक हातभर लांब होतं, असं मी छातीठोक सांगतो; माझा थोरला भाऊ तितक्याच खात्रीने सांगतो की नाक साधंच होतं, पुढे आलेले दात होते, आणि मी घाबरून त्याच्या मांडीत तोंड खुपसलं होतं म्हणून मला काही दिसलंच नव्हतं. आम्ही एकाच रांगेत बसलो होतो. त्या नाटकाचे रंगभूषाकार अजून आहेत असं परवा कळलं, गिरगावातच राहतात. येत्या रविवारी मी वही आणि रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जातो आहे. भाऊही येतो म्हणाला.